वर्षभराचे गुण आणि एका दिवसाची जर्सी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डाउनहिलच्या (म्हणजे डोंगरउतारावरून एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध सायकल उतरवायच्या) पाच फेऱ्यांच्या मालिकेत तुम्ही सलग दोन वर्षं चौथे आलात आणि त्याच दोन वर्षांत एका दिवसाच्या अजिंक्यपद शर्यतीत दोन्ही वेळा पडलात. मित्र म्हणतात, मालिका म्हणजे नुसती बेरीज, खरा विजेता एका दिवशी जिंकून दाखवतो तो. यात मोठं काय आणि पुढच्या हंगामात तयारी कशाची करायची, हे तुम्हाला हवंय.

मी आधी शर्यती केल्या, मग बरीच वर्षं मेकॅनिक म्हणून पिटमध्ये काढली, आता रायडर घडवतो. त्यामुळे हा वाद मी तिन्ही बाजूंनी ऐकला आहे. माझं मत आधी सांगतो. त्या वर्षातला सर्वांत चांगला रायडर कोण, असं कुणी विचारलं तर मी मालिकेच्या गुणतक्त्याकडे बोट दाखवतो. पण एका दिवसाची शर्यत म्हणजे नशिबाचा खेळ, हे मला अजिबात मान्य नाही. ट्रॅक तोच, सायकल तीच, घड्याळही तेच. दोन्हींत बदलते ती चुकीची किंमत, आणि किंमत बदलली की त्याच उतारावर बरोबर निर्णय कोणता तेही बदलतं. तुम्ही दोन्ही शर्यती एकाच हिशेबाने चालवताय, असा मला तुमच्या निकालांवरून संशय येतो.

गुणांचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. वर्ल्ड कप डाउनहिलमध्ये, म्हणजे या खेळाच्या जागतिक मालिकेत, २०१० च्या दशकात फायनल जिंकणाऱ्याला २०० गुण मिळत. दुसऱ्याला १६०, तिसऱ्याला १४०, चौथ्याला १२५, पाचव्याला ११० आणि दहाव्याला ७५. क्वालिफाइंगचे, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता फेरीचे, गुण वेगळे, तिथे पहिल्याला ५०. क्वालिफाइंग क्षणभर बाजूला ठेवू. पाच फेऱ्यांत एकाने तीन जिंकल्या आणि दोनदा पडून हाती काहीच आलं नाही, तर त्याचे ६०० होतात. दुसरा एकही फेरी जिंकला नाही, पण पाचही वेळा तिसरा आला. त्याचे ७००. आपल्या खेळातल्या बहुतेकांना हे आकडे पहिल्यांदा बघितल्यावर अन्याय वाटतो. मला वाटत नाही. पाच वेगवेगळ्या उतारांवर, पाच वेगवेगळ्या हवामानांत, कधी धूळ तर कधी चिखल असताना, जगातल्या पहिल्या तिघांत दरवेळी असणं ही तीन विजयांहून दुर्मीळ गोष्ट आहे. करून बघितलेल्याला ते कळतं.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तिसऱ्यावरून पहिल्यावर गेलात तर ६० गुण वाढतात. तिसऱ्यावरून पडलात तर जवळजवळ १४० जातात. म्हणजे मालिकेत पडण्याची किंमत जिंकण्याच्या कमाईच्या दुपटीहून जास्त. तुमच्या मालिकेचा तक्ता वेगळा असेल, पण उतरंड साधारण अशीच असते. अजिंक्यपदाच्या दिवशी हे प्रमाण उलटं होतं. जागतिक अजिंक्यपदात तर इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी एकालाच मिळते. ती वर्षभर अंगावर राहते आणि पुढे आयुष्यभर बाह्यांच्या कडेला ते पट्टे लावता येतात. पाचवा काय आणि पंचविसावा काय, सोमवारी कुणाला आठवत नाही.

आता या फरकाचा निकालांवर काय परिणाम होतो ते बघू. डाउनहिलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद शर्यत १९९० मध्ये ड्युरँगोला झाली. वर्ल्ड कप मालिका १९९३ पासून सुरू झाली. १९९० च्या दशकात पुरुषांत निकोला वुइयोझ नावाचा फ्रेंच रायडर इतका पुढे होता की दोन्ही किताब बहुधा त्याच्याकडेच जात. १९९५, ९६, ९८ आणि ९९ या चारही वर्षी त्याने मालिका आणि जागतिक अजिंक्यपद दोन्ही जिंकलं. मग २००० पासून चित्र पालटलं. त्या वर्षी मालिका त्याने घेतली, पण अजिंक्यपद मायल्स रॉकवेलने नेलं. पुढच्या दोन वर्षी नेमकं उलट झालं. अजिंक्यपद वुइयोझचं, तर मालिका २००१ मध्ये ग्रेग मिनारची आणि २००२ मध्ये स्टीव्ह पीटची.

२००० ते २०२४ या पंचवीस वर्षांत पुरुषांमध्ये एकाच वर्षी दोन्ही जिंकणारे किती? दोघंच. २००७ मध्ये सॅम हिल आणि २०१९ मध्ये लोइक ब्रुनी. मिनारकडे मालिकेचे तीन किताब आहेत (२००१, २००५, २००८) आणि चार जागतिक अजिंक्यपदं (२००३, २०१२, २०१३, २०२१). ही सातही वर्षं वेगवेगळी. २००९ मध्ये मालिका हिलची, अजिंक्यपद पीटचं. २०१० मध्ये मालिका जी (Gee) अ‍ॅथर्टनची, अजिंक्यपद हिलचं. जणू ठरवून वाटून घेतल्यासारखं.

मग नशीबच म्हणायचं का? थांबा, त्याआधी महिलांकडे बघा. रेचल अ‍ॅथर्टनने पाच जागतिक अजिंक्यपदं जिंकली, २००८, २०१३, २०१५, २०१६ आणि २०१८. या पाचही वर्षी मालिकाही तिचीच होती. २०१६ मध्ये तर तिने मालिकेच्या सातही फेऱ्या जिंकल्या आणि वर अजिंक्यपदही. शर्यतीचे नियम तेच, ट्रॅक तेच, आणि तरीही दोन्ही पद्धतींनी एकच नाव दिलं. कारण त्या वर्षांत तिच्यात आणि बाकीच्यांत अंतर मोठं होतं. माझ्या मते या वादाची किल्ली इथे आहे. पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर मोठं असेल, तर तुम्ही एक शर्यत घ्या नाहीतर दहा, उत्तर तेच येतं. पहिले दहा जण दोन-तीन सेकंदांत कोंबलेले असतील, तेव्हाच पद्धतीला किंमत येते. मग कोण किती धोका पत्करायला तयार आहे, आणि त्या दिवशी तो धोका पत्करणं योग्य होतं का, यावर निकाल फिरतो.

अंतर किती कमी असू शकतं याचं उदाहरण म्हणजे कॅनबेरा, २००९. पीट तोवर तीनदा मालिका जिंकून बसला होता. अजिंक्यपदात मात्र २०००, २००१, २००२ आणि २००८ अशी चार रौप्यपदकं. २००४ मध्ये ले जे इथे तो आघाडीवर असताना शेवटची रेषा जवळ आलेली असताना पडला. पस्तिसाव्या वर्षी कॅनबेराला तो जिंकला, मिनारपेक्षा ०.०५ सेकंदाने पुढे. ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर तेवढ्या वेळात सायकल जेमतेम ५५ सेंटिमीटर पुढे जाते. एका चाकाच्या व्यासापेक्षाही कमी. अख्ख्या डोंगरावरून उतरून आल्यावर एवढाच फरक! त्या जर्सीसाठी या माणसाने जवळजवळ एक दशक वाट बघितली. त्याच्या तीन मालिका-विजयांना कुणी नुसती बेरीज म्हटलं तर मला राग येतो. आणि त्या ०.०५ ला कुणी नशीब म्हटलं तरी येतो.

नशिबाचा मुद्दा मी असा खोडतो. नशीब तीच तीच नावं निवडत नाही. वुइयोझने मोठ्या गटात (ज्युनियरच्या वरच्या) सात जागतिक अजिंक्यपदं घेतली, अ‍ॅन-कॅरोलिन शोसोनने नऊ. ब्रुनीची पाच झाली, मिनारची चार, हिलची तीन. एक दिवस, एक रन (वरून खालपर्यंत एकदाच उतरणं), दुसरी संधी नाही, आणि तरी तेच लोक पुन्हा पुन्हा वर येत असतील तर त्या एका रनमध्ये काहीतरी मोजलं जातंय हे नक्की. ते मालिकेत मोजल्या जाणाऱ्या गुणापेक्षा वेगळं आहे, एवढंच. ब्रुनीने २०१५ मध्ये पहिलं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा त्याच्या नावावर वर्ल्ड कपची एकही फेरी नव्हती. रीस विल्सन २०२० मध्ये लिओगांगच्या चिखलात जिंकला, त्याचंही तसंच. डॅनी हार्टने २०११ मध्ये शाँपेरीला पावसात बाकी सगळ्यांना अकरा सेकंदांहून जास्त मागे टाकलं, आणि तोही तोवर वर्ल्ड कपची फेरी जिंकलेला नव्हता. या तिघांकडे कमाल वेग आधीपासून होता. तो सगळाच्या सगळा खर्च करायची मुभा त्या दिवसाने दिली.

उलट बाजूला आरन ग्विन. २०११, २०१२, २०१५, २०१६, २०१७ अशा पाच मालिका, पण मोठ्या गटाचं जागतिक अजिंक्यपद एकही नाही. लोक त्याला 'मोठ्या दिवशी कच खाणारा' म्हणतात तेव्हा मी त्यांना लिओगांग, २०१५ आठवायला सांगतो. सुरुवातीलाच साखळी तुटली. पेडल मारायची सोय नाही, फक्त उतार, पंपिंग (उंचवट्यांवर अंगाने दाब देऊन वेग काढणं) आणि ब्रेक न लावण्याची हिंमत. त्याने ती फेरी जिंकली! २०१७ मध्ये माँ-सँत-अ‍ॅनला भर पावसात शेवटी उतरून जिंकला, आणि त्या वर्षीची मालिका अगदी शेवटच्या फेरीत, वाल दि सोलेला, जिंकूनच मिळवली. दडपणाखाली हा माणूस मोडत नव्हता. अजिंक्यपदाच्या त्या ठरावीक रविवारी ते जमलं नाही, हे खरं. पण पाच वर्षांचे पाच हंगाम एका पारड्यात आणि काही रविवार दुसऱ्या पारड्यात, यात मी कुठे झुकतो ते तुम्हाला कळलं असेल.

हवामानाचं एक सांगतो आणि पुढे जातो. डाउनहिलमध्ये सर्वांत वेगवान रायडर शेवटी सुटतो. पाऊस दुपारी आला तर त्याचा मार नेमका त्यालाच बसतो. शाँपेरीलाच २००७ च्या वर्ल्ड कप फेरीत सॅम हिल वादळी पावसात उतरला आणि कोरड्यात उतरलेल्यांच्या तोडीस तोड येऊन तिसरा आला. तो रन आजही आमच्याकडे पोरांना दाखवला जातो. मालिकेत असा एक पाऊस बाकीच्या फेऱ्यांत भरून निघतो, आणि हिलने त्या वर्षीची मालिका जिंकलीच. एका दिवसाच्या शर्यतीत भरून काढायला दुसरा दिवस नसतो.

आता तुमच्या कामाचं. एक प्रसंग सांगतो, कारण चुकीची किंमत म्हणजे काय ते मला त्यात सर्वांत स्पष्ट दिसलं. एका वर्षी आमच्या मालिकेची फेरी आणि अजिंक्यपद एकाच ट्रॅकवर होतं, तीन महिन्यांच्या अंतराने. मधल्या टप्प्यात एक रॉक गार्डन, म्हणजे दगडांनी भरलेला पट्टा होता. बाहेरून जाणारी लाइन (उतरायची वाट) लांब, पण दगड गोल आणि पसरलेले. आतली लाइन सरळ, मात्र मध्ये गुडघाभर उंचीचा एक टोकदार दगड, त्याच्या डोक्यावरून पुढचं चाक उचलून न्यायचं आणि मागचं चाक नेमक्या खाचेत उतरवायचं. मी स्टॉपवॉच घेऊन खाली बसलो होतो. आतल्या लाइनने चार दशांश सेकंद वाचत होते. सरावाच्या आठ रनमध्ये माझ्या रायडरला ती पाच वेळा बसली. तीन वेळा मागचं चाक खाचेच्या अलीकडे आदळलं आणि सायकल जागेवर थांबली.

संध्याकाळी आम्ही हिशेब केला. बाहेरून गेला तर बहुधा तिसरा, म्हणजे १४०. आतून गेला आणि बसली तर पहिला धरू, २००. पण आठातल्या पाच वेळाच. म्हणजे सरासरी १२५, आणि वर पडल्यावरचे किरकोळ काही. मालिकेत बाहेरची लाइन. यात शौर्याचा प्रश्नच नव्हता. तो तिसरा आला. तीन महिन्यांनी तोच दगड, तीच खाच, आणि या वेळी मी त्याला आतून जायला सांगितलं, कारण तिसऱ्या क्रमांकाला आता किंमत नव्हती आणि जिंकायची शक्यता दुसऱ्या कुठल्याच मार्गाने नव्हती. मागचं चाक आदळलं, पाय खाली आला, तो अकरावा आला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. निकालावरून निर्णय जोखायची सवय लागली की रायडर पुढच्या अजिंक्यपदात बाहेरून जातो आणि पुन्हा तिसरा येतो.

पण मालिका म्हणजे 'जपून चालवणं' असं तुम्ही यातून घेऊ नका. माझी स्वतःची मोठी चूक याच शब्दाने झाली. दुसरा एक मुलगा. मालिकेची शेवटची फेरी, गुणांत आघाडीवर, सहावा आला तरी किताब त्याचा. स्टार्ट गेटवर मी त्याला म्हटलं, "जपून जा." वरच्या जंगलात ओल्या मुळांच्या पट्ट्यात तो पडला, त्या आठवड्यात सरावात एकदाही न पडलेल्या जागी. शर्यत संपल्यावर आम्ही दोघं पायी वर गेलो. त्याच्या सरावातल्या लाइनवर टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली होती, मुळांच्या आधी ब्रेक, मुळांवर मोकळं चाक. शर्यतीच्या रनची खूण वेगळी होती. दोन मुळांच्या मधोमध मातीत वीतभर लांबीचा ओरखडा, जिथे त्याने पुढचा ब्रेक धरून ठेवला होता. ब्रेक धरलेलं चाक ओल्या मुळावर तिरकं घसरतं, फिरणारं चाक बहुतेक वेळा पार होतं. तो नेहमीपेक्षा हळू आला होता आणि म्हणूनच पडला. मला त्याला काहीच बोलता येईना. चूक त्याची नव्हती.

त्या दिवसानंतर मी 'जपून' हा शब्द सोडला. डाउनहिलमध्ये सगळीकडे थोडं थोडं हळू जाता येत नाही. हळू जायला गेलं की वजन मागे सरकतं, पुढच्या टायरवरचा भार कमी होतो आणि वळणात पकड सुटते. ब्रेक जास्त वेळ धरला जातो, हातांच्या पोटऱ्या दगड होतात, आणि खालच्या तिसऱ्या भागात बोटं ऐकेनाशी होतात. सस्पेन्शनसुद्धा एका वेगासाठी लावलेलं असतं, त्याच्या खाली ते खडबडीत जागी जास्त आपटवतं. म्हणून सातत्य म्हणजे वेग कमी करणं नव्हे. वेळ कुठे सोडायचा ते आधी ठरवणं, याला मी सातत्य म्हणतो.

प्रत्यक्षात ते असं करतात. ट्रॅक वॉकमध्येच, म्हणजे शर्यतीआधी ट्रॅक पायी बघतानाच, तीन किंवा चार जागा निवडायच्या, जिथे चुकलं तर रन संपतो. त्या प्रत्येक जागेच्या आधी ब्रेकची खूण दोन-तीन मीटर अलीकडे आणायची, म्हणजे आत शिरताना ब्रेक सुटलेला असेल. एखाद्या उडीच्या आधीचे दोन जादा पेडल स्ट्रोक सोडून द्यायचे. अवघड लाइन एखाद्या ठिकाणी बदलून साधी घ्यायची. बाकी सगळा ट्रॅक पूर्ण वेगाने, नेहमीसारखा. असं केल्यावर अख्ख्या रनमध्ये सेकंदभर जातो, कधी त्याहून थोडं जास्त. तेवढ्या किमतीत तुम्ही रनच्या शेवटी उभे असता. माझ्या अनुभवात मालिकेत वर राहणारे रायडर हे करतात, मग ते शब्दांत सांगता येवो न येवो. ट्रॅक पायी वाचण्यात वुइयोझचा हात कुणी धरला नाही असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

सायकलच्या बाबतीतही हाच हिशेब. मालिकेच्या फेरीत मी जाड केसिंगचे (जाड कापडी थराचे) टायर लावतो, मागच्या टायरच्या आत फोमचा इन्सर्ट (संरक्षक पट्टा) घालतो आणि हवा थोडी जास्त ठेवतो. वजन वाढतं, पकड किंचित कमी होते, पण पंक्चरने फेरी जात नाही. अजिंक्यपदाला दगडांची स्थिती बघून पुढच्या टायरमधला हवेचा दाब एक-दोन पीएसआय कमी करायला मी तयार असतो. मागच्या टायरशी मात्र तेव्हाही खेळत नाही. पीटरमॅरित्झबर्गला २०१३ मध्ये मिनार आपल्याच गावी शेवटच्या टप्प्यात पंक्चर झालेल्या टायरवर उतरला आणि तरी अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने जिंकला. पण ते मिनारला जमलं. तुमच्या-माझ्यासाठी फुटलेला टायर म्हणजे संपलेली शर्यत. आणि शर्यतीच्या आठवड्यात नवीन काहीही बसवू नका, ना नवीन ब्रेक पॅड, ना नवीन हँडलबार, अजिंक्यपदाला तर मुळीच नाही. हे मी प्रत्येक हंगामात सांगतो आणि प्रत्येक हंगामात कुणीतरी शनिवारी रात्री पाना हातात घेतोच.

क्वालिफाइंगबद्दल एकच. ते गुण फुकटचे समजू नका. वर्ल्ड कपमध्ये २०२३ ला सेमीफायनल आली, तिलाही गुण होते आणि पुरुषांत फायनलला फक्त तीस जण जाऊ लागले. म्हणजे एका शनिवार-रविवारच्या आतच सातत्य लागू लागलं. तुमच्या मालिकेत क्वालिफाइंगला गुण असतील तर तिथे पहिल्या पाचात येणं, आणि तेही आधी ठरवलेल्या जागी वेळ सोडून, हा हंगाम उचलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

एका दिवसाच्या शर्यतीची तयारी वेगळी आहे, आणि ती त्या आठवड्यात होत नाही. त्यासाठी कमाल वेग वाढवावा लागतो. तो हंगामाबाहेर, सरावाच्या ट्रॅकवर, पडायची तयारी ठेवून आणि पूर्ण संरक्षक साहित्य घालून वाढतो. मी रायडरकडून त्यासाठी 'एकच रन' नावाचा सराव करून घेतो. दुपारभर काहीही करा, पण पाच वाजता एक घड्याळी रन, त्यानंतर सायकल गाडीत. आधी सराव रन नाही, नंतर दुसरी संधी नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे ते रन वाईट जातात. हळूहळू शरीर शिकतं की सुरुवातीच्या वीस सेकंदांतच लय पकडायची आहे. मालिकेत खेळणाऱ्या सातत्याच्या रायडरला हे सर्वांत अवघड जातं, कारण त्याची लय दोन-तीन रननंतर लागते.

आणि शेवटची उडी. जॉश ब्राइसलँडने २०१४ ची मालिका जिंकली आणि थोड्याच दिवसांत हाफयेलला अजिंक्यपदासाठी उतरला. शेवटच्या स्प्लिटला (वाटेत वेळ नोंदवतात त्या ठिकाणी) तो आघाडीवर होता. शेवटच्या उडीवर तो गरजेपेक्षा लांब गेला, सपाटीवर आदळला, पाय मोडला. तशाच पायाने त्याने रेषा ओलांडली आणि दुसरा आला, जी अ‍ॅथर्टनच्या मागे अर्ध्या सेकंदाहून कमी. वाल दि सोलेला २००८ मध्ये सॅम हिल शेवटच्या वळणावर पडला आणि उठून तिसरा आला. दोघांनीही शर्यत वरच्या भागात जवळजवळ जिंकलेली होती. अजिंक्यपदात धोका घ्यायचा म्हणजे सगळीकडे घ्यायचा असं नाही. तो वरच्या आणि मधल्या भागात घ्यावा, जिथे दम शाबूत असतो आणि डोळे लांबवर बघतात. खाली पोचेपर्यंत हात-पाय संपलेले असतात आणि उडीचा अंदाज सरावातल्या ताज्या शरीराचा असतो, वर शर्यतीचा वेग सरावापेक्षा जास्त. म्हणून शेवटच्या तीन अडथळ्यांचा सराव मी मुद्दाम दमलेल्या अवस्थेत, पूर्ण रनच्या शेवटी करायला लावतो. एकट्याने वर ढकलत नेऊन केलेल्या दहा उड्यांचा तिथे उपयोग होत नाही.

तुमच्या बाबतीत मला अजून एक माहिती लागेल. दोन्ही अजिंक्यपदांत तुम्ही पडलात ती जागा ट्रॅकच्या कितव्या भागात होती आणि पडण्याआधीच्या स्प्लिटला तुम्ही कितवे होतात? वरच्या भागात, पहिल्या पाचात असताना पडला असाल तर काहीही बदलू नका, फक्त 'एकच रन' सुरू करा. खालच्या भागात पडला असाल तर दम आणि शेवटचे अडथळे. आणि दहाव्या-पंधराव्या क्रमांकावर असताना पडला असाल, तर मालिकेची तुमची नेहमीची लय तुम्ही त्या दिवशी सोडली होती आणि बदल्यात वेगही मिळाला नव्हता. तसं असेल तर त्या दोन्ही ठिकाणी ब्रेक कुठे लावला होता ते आठवून लिहून पाठवा, शक्य असेल तर हेल्मेट कॅमेऱ्याची चित्रफीतही, आवाजासकट. ब्रेक कधी सुटला हे मला बघण्यापेक्षा ऐकण्यातून जास्त कळतं.